द्वारकामावशींची वाशिष्ठी

बारशाच्या आधी कोणी बाळाचं नाव घेतलं की द्वारकामावशींचा चेहरा बंद व्हायचा. परळच्या एका प्रसूतिगृहात त्या दाई होत्या. एखादा हौशी बाप दारातच विचारायचा, "मावशी, आमचा अशोक कसा आहे?" मावशी हातातलं घंगाळ खाली न ठेवता म्हणायच्या, "अशोक कोण तो माका ठाऊक नाय. कोपऱ्यातल्या खाटेवर एक झील आहे. दूध पितो, रडतो. बरा आहे." आधी पोराला या जगात नीट बसू द्यावं, त्याला वाऱ्याची, उजेडाची सवय होऊ द्यावी, मग नावाचं ओझं द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

मी लग्न होऊन गिरगावातून लालबागला आले तेव्हा त्या आमच्या शेजारच्या खोलीत एकट्या राहत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात गाठलं आणि नाव विचारलं. मी सासरचं सांगितलं, सुमती.

"ता कालचा. आधीचा काय होता?"

"कुमुद."

"मग कुमुदचा काय केलंस? टाकून दिलंस?"

 त्यानंतर सगळी चाळ मला सुमती म्हणायची आणि मावशी कुमुद म्हणायच्या. सासूबाईंना ते फारसं आवडायचं नाही, पण द्वारकामावशींना अमुक करू नका असं सांगायची त्या मजल्यावर कोणाची प्राज्ञा नव्हती. निम्मा मजला त्यांच्याच हातून जन्मलेला.

उंच, हाडापेरानं मजबूत बाई. निळ्या काठाचं पांढरं लुगडं, काखेत छत्री, जवळून गेल्या की कार्बोलिक साबणाचा वास. बोलणं मालवणकडचं, मुंबईत वर्षानुवर्षं राहून निम्मं बदललेलं. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि तोवर कोणी कितीही घाईनं बोलवायला आलं तरी उठायच्या नाहीत. "पहिलटकरीण आहे ना? मग माझो चाय होईपर्यंत काय होणार नाय," असं सांगायच्या, आणि ते खरं असायचं. शिळेचा मात्र त्यांना मनस्वी राग; शिळेनं दर्यावर वारं उठतं, असं त्या मानत. माझा धाकटा दीर वसंत संध्याकाळी शीळ घालत जिना चढायचा. मावशींचं दार उघडायचं.

"वश्या, वारा बोलावतंस?"

"मावशी, आपण काय बोटीवर आहोत?"

"घरात बसलेल्यांचीच माणसं बोटीवर असतात, मेल्या."

वसंत तेवढ्यापुरता थांबायचा आणि दोन दारं ओलांडून पुन्हा सुरू करायचा. मावशी दार लावता लावता हसायच्या, ते त्याला दिसायचं नाही.

मावशींचे यजमान दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधीपासून आरमारात होते. बॉयलरमध्ये फावड्यानं कोळसा टाकायचं काम. सुरुंग शोधून काढणाऱ्या एका लहानशा बोटीवर ते होते आणि त्या बोटीचं नाव होतं 'वाशिष्ठी'. आपल्या कोकणातल्या नदीचं नाव गोऱ्या साहेबाच्या बोटीला, याचं मावशींना तेव्हा फार कौतुक होतं. भिंतीवर यजमानांचा एकच फोटो होता. गोल टोपी, टोपीला काळी फीत आणि फितीवर इंग्रजी अक्षरांत बोटीचं नाव. लढाई सुरू झाल्यावर शत्रूला कळू नये म्हणून टोप्यांवरची नावं काढून घेतली. मावशींना ते तेव्हाच खटकलं होतं. त्या सांगायच्या, "शेवटचे घरी आले तेव्हा टोपीवर नावच नव्हता. मी म्हटला, आता तुमका कोणी कसा ओळखायचा? तर हे म्हणाले, तू ओळखतंस ना?" नंतर बोट सुरुंगावर गेली. फार थोडे वाचले, त्यांत हे नव्हते. मावशी कधी 'बोट बुडाली' असं म्हणाल्या नाहीत. "बोट गेली," एवढंच म्हणत. मूलबाळ नव्हतं. दाईचं काम त्या लग्नानंतर लगेचच शिकून चाळीत करत होत्या, आता परळला नोकरीला लागल्या.

ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची होती. आमच्या गॅलरीत दुसरा विषय नसायचा. वसंत गिरणीतून सुटला की खळीची बादली घेऊन पोस्टरं चिकटवायला जायचा. एकदा तो मोठ्या तावातावानं सांगत होता की आपल्या राज्याला आपलं नावसुद्धा मिळू देत नाहीत. मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरमारात बघ. 'दिल्ली' नावाची मोठी बोट आहे. 'बॉम्बे' नावाची पण आहे. 'महाराष्ट्र' नाय."

"म्हणजे तुम्ही आमच्या बाजूनं की विरुद्ध?"

"मी बोटींचा सांगतंय. राज्य झाल्याशिवाय बोटीक नाव कोण देणार? तुम्ही आधी ता करा."

वसंतला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्यानं नाक्यावरच्या सभेत ते आपलं म्हणून सांगून टाकलं आणि टाळ्या घेतल्या. घरी येऊन त्यानं मावशींना कबुलीही दिली. त्या म्हणाल्या, "असू दे. बोललो कोण, ता महत्त्वाचा नाय."

त्या हिवाळ्यात लालबागच्या नाक्यावर गोळीबार झाला. वसंत गर्दीत होता. छातीत गोळी लागली. इस्पितळात आमच्या घरच्यांना आत सोडेनात. मावशी परळहून तशाच पांढऱ्या लुगड्यात आल्या, दारावरच्या शिपायाला म्हणाल्या, "ह्याची नाळ मी कापलेली आहे, बाजूक हो," आणि आत गेल्या. त्याला त्यांनीच पुसलं, त्यांनीच चादर गुंडाळली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बाहीवर रक्त होतं. सासूबाईंना धरून त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. निदान आमच्यासमोर तरी नाही.

दुसऱ्या दिवशी कर्फ्यू होता आणि पलीकडच्या चाळीतली एक बाई अडली. मावशी पिशवी घेऊन खाली उतरल्या. रस्ता पूर्ण मोकळा. नाक्यावर बंदूकवाल्या पोलिसानं अडवलं. आम्ही सगळ्या गॅलरीतून श्वास रोखून पाहत होतो.

"बाई, कर्फ्यू आहे. मागे फिरा."

"माका नको सांगू. तिच्या पोटातल्या पोराक जाऊन सांग, कर्फ्यू आहे म्हणून."

तो तरुण होता, आमच्याचकडचा असावा. तो काही बोलायच्या आत त्यांनी छत्री उघडली आणि रस्ता ओलांडून गेल्या. परत आल्या तेव्हा तोच पोलीस त्यांना चाळीच्या दारापर्यंत सोडायला आला. "मुलगी झाली," त्या वर येऊन सासूबाईंना म्हणाल्या. आदल्या दिवशीच माणूस गेलेल्या घरात ही बातमी का सांगावी, असं माझ्या मनात आलं. पण सासूबाईंनी तोंडावरचा पदर काढला आणि विचारलं, "सुखरूप आहे ना?" वसंत गेल्यापासून त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या.

पुढे काही काळानं प्रसूतिगृहात एक गोष्ट घडली. मावशींनी ती मला नंतर, जाताजाता सांगावी तशी सांगितली. एका बाळंतिणीला भेटायला तिचा नवरा आला होता. नौदलातला, रत्नागिरीकडचा, कडक पांढऱ्या गणवेशात. त्यानं टोपी काढून खाटेवर ठेवली. मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं त्यांनी रोज भिंतीवर पाहिलेली. त्यांनी टोपी उचलली.

"ही खयची टोपी?"

"माझीच, मावशी. वाशिष्ठी बोटीची. नवीन बोट आहे, किनाऱ्यावर पहारा देते."

"वाशिष्ठी गेली. लढाईत गेली."

"ती जुनी. तिचं नाव हिला दिलं. नौदलात तशी पद्धतच आहे. गेलेल्या बोटीचं नाव नव्या बोटीला देतात."

मावशींनी टोपी परत ठेवली आणि आपल्या कामाला गेल्या. घरी आल्यावर मात्र त्यांना ताप भरला. मी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते तेव्हा म्हणाल्या, "माणसा पाण्यात ठेवली आणि नाव तेवढा वर काढला. काय ही रीत? नाव काय भांडा आहे, एकाचा संपला की विसळून दुसऱ्याक द्यायचा?"

 त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तो नौसैनिक भला निघाला. बायकोला घरी न्यायला आला तेव्हा मावशी कोण हे त्याला कळलेलं होतं. वर्षातून एकदा लोकांना बोटी पाहायला गोदीत सोडत. त्या दिवशी या, असं तो हात जोडून म्हणाला. मावशी नाही म्हणाल्या. त्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी माझं दार वाजवलं. "कुमुद, चप्पल घाल. बघून येऊ या, कसली काय ती."

गोदीत जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. लोक मोठ्या जहाजांच्या तोफा बघायला धावत होते. आमची वाशिष्ठी पार टोकाला होती, राखाडी रंगाची, ठेंगणी. तिच्याकडे कोणी फिरकत नव्हतं. मावशी धक्क्यावर उभ्या राहून तिच्या नावाच्या पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक अक्षर जास्ती आहे."

आम्हाला घ्यायला एक तरुण अधिकारी पुढे आला होता, बोलण्यावरून पुण्याकडचा. तो चकित झाला. म्हणाला, "बरोबर आहे. जुन्या बोटीवर इंग्रजांनी स्पेलिंग चुकवलं होतं. नवीन देताना दुरुस्त केलं."

"म्हणजे नावसुद्धा तेच नाय," मावशी म्हणाल्या. पण आवाजातला कडकपणा थोडा उतरला होता.

यजमान कुठे काम करायचे ती जागा त्यांना पाहायची होती. इंजिनखोलीत उतरायला उभी लोखंडी शिडी होती. अधिकारी म्हणाला, बायकांना जमणार नाही. मावशींनी छत्री माझ्या हातात दिली, कासोटा घट्ट केला आणि उतरल्या. मी वरच्या भोकातून वाकून पाहत होते. खाली तेलाचा वास, चकचकीत यंत्रं, दोन तरुण पोरं लगबगीनं उभी राहिलेली.

"कोळसो खय ठेवतास?"

"कोळसा नाही, मावशी. तेलावर चालते."

"मग फावडा?"

"फावडंही नाही."

मावशींनी एका यंत्रावर तळवा ठेवला. ते गार होतं. मग त्या पोरांनी त्यांना चहा दिला आणि बशी मागितल्यावर बशी नसल्यामुळे डब्याच्या झाकणात ओतून दिला. तो त्या तिथेच उभ्या राहून प्यायल्या. नवा माणूस बोटीवर आला की आधी त्याला जुन्या वाशिष्ठीची हकिकत सांगतात, असं त्या पोरांनी सांगितलं. त्यातला एक ती सांगू लागला. मावशींनी मध्येच त्याला दोन ठिकाणी दुरुस्त केलं. तो पुन्हा पहिल्यापासून बरोबर सांगू लागला.

वर आल्यावर त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "नाव देताना कोणाक विचारलात? त्यातली माणसा तर नाहीत."

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "त्यांना विचारता येत नाही, बाई. पण लगेच देत नाहीत. बोट गेली की तिचं नाव बाजूला ठेवतात. बरीच वर्षं तसंच राहतं. मग कधीतरी, शोभेल अशी बोट आली की देतात. भित्रेपणा केलेल्या बोटीचं नाव सहसा कोणी पुन्हा घेत नाही. जगभर आरमारात असंच चालतं. काही नावं तर एकामागून एक कितीतरी जहाजांवर गेलीत."

"बाजूक ठेवतात," मावशी म्हणाल्या. परतीच्या वाटेवर ट्रॅममध्ये त्या फक्त एकदा बोलल्या. "ती नाय ती. ही दुसरीच कोण तरी आहे. बरी आहे पण."

त्यानंतर वर्षभरात माझ्या जाऊबाईंना मुलगा झाला. अर्थात मावशींच्याच हातून. सासूबाईंनी बाळाचं तोंड पाहिलं आणि म्हणाल्या, "माझा वसंत आला." घरात सगळ्यांनी ते धरून ठेवलं.  बारशाच्या आदल्या दिवशी मात्र जाऊबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, "वसंत नको. गोळी लागून गेलेल्याचं नाव माझ्या मुलाला नको."

सासूबाई ताटावरून उठल्या. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, बायकोवर ओरडले. माझा नवरा आईच्या बाजूनं बोलला. जाऊबाई बाळाला कवटाळून बसल्या आणि त्यांना दूध येईना. शेवटी सासूबाई मावशींकडे गेल्या. "द्वारके, तू सांग तिला. तुझं ती ऐकेल. वसंताची नाळ तू कापलीस."

मावशी आमच्या खोलीत आल्या. कोणाकडे न बघता आधी बाळाला उचललं, मग जाऊबाईंसमोर बसल्या. आम्हाला वाटलं, आता समजूत घालणार.

"वयनी," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "त्या पोराच्या टोपीवर मी नाव ओळखला तेव्हा माझ्या पोटात गोळो इलो. तीन दिवस ताप होतो. आणि ती तर बोट. तुझ्या सुनेक रोज हाक मारूची लागतली. सकाळी उठवताना, जेवूक बोलावताना. रस्त्यावर पोरगो दिसलो नाय की त्या नावानं ओरडूचा लागतला. लालबागच्या नाक्यावर, वयनी. त्याच नाक्यावर."

सासूबाई रडायला लागल्या. "मग माझ्या वसंताचं नाव असंच जाणार का?"

"जाणार कसा? आरमारवाले बाजूक ठेवतात. माझ्या माणसाच्या बोटीचा किती वर्षा ठेवला. लगेच दिला असता तर मी धोंडो घेऊन गेलंय असतंय बोटीवर. नाव कुजत नाय. ठेव. योग्य येळ येईल."

"तोवर मी असेन का गं?"

मावशींनी बाळाला थोपटलं. "नसशील," त्या म्हणाल्या. "बोटीवरचे तरी खय होते?"

असं कोणी माझ्या सासूला बोलावं आणि तिनं ते ऐकून घ्यावं, हे मी त्या दिवसाआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग उठून त्यांनी सुनेसाठी शेवयांची खीर टाकली.

बारशाला मावशी दाराशी उभ्या होत्या. विधवा बाई, पाळण्याजवळ जायचं नाही, हे त्या स्वतःच पाळत. जाऊबाईंनी हातातलं बाळ खाली ठेवायच्या आधी सगळ्यांदेखत म्हटलं, "कानात नाव मावशी सांगतील. त्यांच्याशिवाय मी पाळण्यात घालणार नाही." आत्या म्हणून बोलावलेली आमची नणंद सासूबाईंकडे बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "ये गं द्वारके." मावशी आल्या. पाळण्यावर वाकून त्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. मुलाचं नाव सुधीर ठेवलं.

महाराष्ट्र झाला तेव्हा सासूबाई होत्या. त्या रात्रीच्या रोषणाईत त्या गॅलरीतून उतरल्या नाहीत, पण दिवा त्यांनीच लावला. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. त्यानंतर जाऊबाईंना दुसरा मुलगा झाला. एका दुपारी बाळाला तेल लावत असताना त्या आपणहून मला म्हणाल्या, "वसंत म्हणू या का याला?" मी मावशींना बोलावून आणलं. मावशींनी विचारलं, "म्हणून बघ. पोटात काय होता?"

जाऊबाईंनी बाळाला हळूच हाक मारून पाहिली. मग पुन्हा एकदा. "काही नाही," त्या म्हणाल्या. "बरं वाटतं."

"मग ठेव," मावशी म्हणाल्या आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी मात्र त्या रडल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, त्यांनी मला जा म्हटलं नाही.

नोकरी संपल्यावर मावशींनी गावी जायचं ठरवलं. आम्ही खूप सांगितलं, पण त्यांच्या मनानं एकदा घेतलं की झालं. मी त्यांना बोटीवर पोचवायला भाऊच्या धक्क्यावर गेले होते. कोकणात जाणारी बोट माणसांनी, बोचक्यांनी, आंब्यांच्या रिकाम्या करंड्यांनी भरली होती. मावशींनी कठड्याजवळची जागा पटकावली. "धक्क्यावर उभी राहू नको, ऊन आहे," त्यांनी मला बजावलं. मी उभीच राहिले. दोर सुटले, बोट हलली, मी हात वर केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असेल असं वाटलं, पण नाही. त्यांच्या शेजारी एक कोवळी पोरसवदा बाई बसली होती, तिचं तान्हं बाळ आकांत करत होतं आणि ती गोंधळून गेली होती. मावशींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, पालथं करून मांडीवर टाकलं आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत तिला काहीतरी सांगायला लागल्या. बोट धक्क्यापासून दूर गेली तरी त्यांचं सांगणं चालूच होतं आणि ती मुलगी मान डोलावत होती.